भोकं पाडलेली पाटी

राधा परबला गणित येतं, हे बोरिवलीच्या त्या शाळेत एकट्या शुभाबाईंना पक्कं ठाऊक होतं. राधाचे हात जन्मापासून थरथरायचे आणि शब्द ओढून बाहेर काढावे लागायचे. नववीच्या पेपरात तीन तासांत तिचा जेमतेम एक प्रश्न लिहून व्हायचा, तोही कुणाला वाचता यायचा नाही. मुख्याध्यापिका कुंदाबाईंनी तिला एप्रिलनंतर खास मुलांच्या संस्थेत पाठवायचं ठरवलं होतं. तिथे मेणबत्त्या करायला शिकवत, दहावी नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीत, शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर शुभाबाईंनी राधाला त्यातल्या एकासमोर बसवलं. बाई अंक सांगणार, राधा तो दाबणार. दहापैकी सात वेळा शेजारचं बटण दाबलं गेलं. बाईंनी सवयीप्रमाणे वहीत नोंद केली आणि वही मिटली.

राधाला न्यायला तिचे वडील आले होते. सहदेव परब पूर्वी गिरणीत फिटर होते. संपात गिरणी गेली, तेव्हापासून चारकोपच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर काम करत. ते बराच वेळ दारातून बघत होते.

"चूक तिची नाय ओ बाई," ते म्हणाले. "बटणां लय जवळ जवळ आसत."

शुभाबाईंनी राधाच्या चुका मोजल्या होत्या. यंत्राची चूक असू शकते, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

सहदेवांनी बटणांचं माप घ्यायची परवानगी मागितली आणि खिशातून व्हर्नियर काढला. बाई बारा वर्षं प्रयोगशाळेत व्हर्नियर शिकवत होत्या; पण एखाद्याने तो असा, झोपलेल्या मुलाचा ताप बघावा तसा हलकेच टेकवलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पुढच्या शनिवारी सहदेवांनी कीबोर्डवर बसेल अशी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी आणली. चार कोपऱ्यांना चार पाय, प्रत्येक बटणावर नेमकं एक भोक, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. राधाने तळहात पाटीवर टेकला. थरथर होती तशीच होती, पण ती आता पाटी सोसत होती. बोट एका भोकात शिरत होतं आणि एकच बटण दबत होतं. दहापैकी नऊ बरोबर. थोड्याच दिवसांत ती त्यावर गणितं सोडवू लागली.

कुंदाबाईंना हे पटेना. शुभाच तिच्याकडून गणितं घोटून घेत असणार, असं त्यांचं म्हणणं. "जीव लावला की आपल्याला हवं ते दिसतं गं, शुभा." शेवटी त्यांनीच मार्ग काढला. पाच गणितं त्या स्वतः घालणार. राधाने ती त्यांच्यासमोर सोडवली तर ती शाळेत राहील.

मंगळवारी कुंदाबाई स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद घेऊन आल्या आणि राधाच्या मागे उभ्या राहिल्या. शुभाबाईंना त्यांनी दाराशीच थांबवलं. पहिली तीन गणितं सुटली. सावकाश, पण बरोबर. चौथं पाण्याच्या टाकीचं होतं: किती लिटर मावेल?

राधा थांबली. एक मिनिट गेलं, मग दुसरं. कुंदाबाईंनी शुभाबाईंकडे पाहिलं. त्या पाहण्यात जिंकल्याचा भाव नव्हता, वाईट वाटल्याचाच होता.

मग बोट हललं. पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटलं: आर, यू, एन, डी, आय. जागा सोडून, एन, ए, एच, आय.

कुंदाबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा लावून कागद उचलला. लांबी दोन मीटर. उंची एक मीटर. रुंदी त्यांनी लिहिलीच नव्हती.

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "माझीच चूक," त्या म्हणाल्या. पेन उघडून त्यांनी रुंदी लिहिली, दीड मीटर, आणि कागद राधापुढे ठेवला. त्या पेनाचं टोपण शोधत होत्या तोवर पडद्यावर तीन हजार आलं होतं.

"शुभा, दहावीच्या वर्गात नाव घाल हिचं," कुंदाबाई दाराकडे वळून म्हणाल्या. "बोर्डाशी काय बोलायचं ते मी बोलते."

राधाने मान वर केली नाही. पाचवं गणित अजून राहिलं होतं.