मी धावपट्टीखालची पाटी

मी पाटी बोलतेय. अक्षरं गिरवायची नव्हे, पोलादाची. मैदानावरच्या तांबड्या रबराखाली मला पुरलंय, आणि तेही शंभर मीटरच्या शर्यतीत जिथे धावणाऱ्यांचा वेग सर्वांत जास्त असतो, नेमकं तिथे. माझ्यावर पाय पडला की तो किती जोरानं पडला आणि किती वेळ टेकला, हे मी वायरीतून खोलीतल्या संगणकाला कळवते.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, मोठ्या कामाला चाललेय. इथे आले तर जो तो माझ्यावर उभा राहून वजन बघायला लागला. आकडा ऐकला की बहुतेक जण म्हणत, "पाटी बिघडलेली दिसतेय." मी मुकाट्यानं ऐकून घ्यायची.

मग टिटवी आली. पाय लांब आणि काटकुळे, म्हणून तिला सगळे टिटवीच म्हणत. तिला शिकवायची तिची आत्या, एकेकाळची नावाजलेली धावपटू. गेल्या वर्षी भर शर्यतीत टिटवीच्या डाव्या मांडीमागचा स्नायू फाटला होता. डॉक्टरांच्या मते पाय आता ठणठणीत होता, पण जुना वेग काही परत येईना. त्यात निवड शर्यत तोंडावर आलेली.

"पाय भराभर हलव," आत्या ओरडायची. "रांगतेस काय?"

टिटवी जीव तोडून पाय हलवायची. वेग मात्र जागच्या जागी.

एक दिवस संगणकापाशी बसणाऱ्या प्राध्यापक बाईंनी दोघींना खोलीत बोलावलं. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्याबाई, हवेत पाय फिरवायला सगळ्यांनाच जवळपास सारखा वेळ लागतो. खरा फरक पडतो जमिनीवर. अव्वल धावपटू पापणी लवायच्या आत जमिनीला आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोर देतो. जमीन तेवढाच जोर परत देते आणि त्याला वर उडवते. हिचा उजवा पाय ते करतो. डावा मात्र अंड्यांवरून चालल्यासारखा पडतो."

मला हे कधीचं ठाऊक होतं. उजवा पाय हातोड्यासारखा यायचा. डावा, परक्याच्या घरात शिरावं तसा.

"दुखत नाही गं आत्या," टिटवी खाली मान घालून म्हणाली. "पण तो टाकायची वेळ आली की वाटतं, पुन्हा फाटेल."

आत्या बाहेर आली आणि माझ्या शेजारीच बसली. टिटवीही येऊन टेकली.

"माझाही असाच फाटला होता," आत्या म्हणाली. "बरा झाला, पण मी तो पाय परत कधी जोरानं टाकलाच नाही. लोकांना सांगितलं, लग्न ठरलंय म्हणून धावणं सोडतेय."

"मग आता टाक की."

आत्यानं भाचीकडे रोखून पाहिलं. चष्मा काढून तिच्या हातात दिला, थोडी मागे गेली आणि धावत येऊन डावा पाय माझ्यावर असा हाणला की मी चारी कोपऱ्यांत झणझणले.

खिडकीतून प्राध्यापक बाई म्हणाल्या, "टिटवे, आत्यानं तुला मागे टाकलं बरं का."

टिटवी हसली, पण ते तिला लागलंही. दुसऱ्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. आधी बुटक्या उड्या, मग उंच, मग हळू धावणं. मधूनच भीती डोकं वर काढायची आणि डावा पाय पुन्हा पाहुणा व्हायचा. आणि मग एका सकाळी तो बिनधास्त आला, आदळला आणि निघूनही गेला. टिटवी पुढे जाऊन थांबली, मांडी चाचपून पाहिली. सगळं जागेवर होतं.

निवड शर्यतीत तिला नेमकी शेजारची पट्टी मिळाली. माझ्यावरून भलतीच कुणीतरी गेली. पण शेजारची जमीन मला कळते. टिटवीची पावलं गेली ती दोन्ही एकाच वजनाची. शेवटी शेवटी वेग सगळ्यांचाच उतरतो, त्यात कमी कुणाचा उतरतो ते बघायचं असतं. मी कान देऊन पडले होते.

तिचा दुसरा नंबर आला. निवड व्हायला तेवढा पुरे होता. आत्या मैदानात शिरून तिला बिलगली, आणि दोघी धावपट्टीवरच मटकन बसल्या. पंच उठा उठा म्हणत राहिले.

आता टिटवी दूर कुठेतरी धावते. माझ्यावरचं रबर झिजलंय, नवी पाटी आणायचं चाललंय. तोवर या, खुशाल मला तुडवा. जितका जोर द्याल तितका मी परत देईन, रतीभरही ठेवून घेणार नाही. जो तुम्ही राखून ठेवाल, तो मात्र मी कुठून आणू?