चांद्याची पंगत

मंगळूचा चांद्या बैल सोमवारी पहाटे गेला, तो अगदी रीतसर गेला. आदल्या संध्याकाळी त्याने नागलीची अर्धी भाकर खाल्ली, उरलेली अर्धी मालकाच्या हातातच ठेवली, कमूकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि उजाडायच्या आत पेंढ्यावर पाय पसरले. म्हातारपणाशिवाय त्याला काही झालं नव्हतं. कमूने पदर डोळ्यांना लावला. मंगळू मात्र रडला नाही. आपल्या बायकोसारखं मोकळेपणी रडायला त्याला फुरसत नव्हती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की या खेपेला बैल कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही.

मंगळूच्या घरात पिढ्यानपिढ्या एक समजूत होती. मेलेला बैल माळावर नेऊन ठेवायचा, गिधाडं यायची, आणि त्यांच्या पोटात बसून बैल वर जायचा. जन्मभर एकाच खाचरात चिखल तुडवणाऱ्या जनावराला निदान मेल्यावर तरी जरा मुलूख बघायला मिळावा, असा त्यामागचा सरळ विचार. पण मधल्या काळात गिधाडंच नाहीशी झाली. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध द्यायचे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडंही मरायची. सरकारने ते जनावरांसाठी बंद केलं, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मंगळूचे आधीचे दोन्ही बैल गावातल्या कुत्र्यांनी संपवले. त्यातला एक कुत्रा शेजारच्या लाडक्याच्या दारात बसायचा आणि रोज सकाळी मंगळूकडे अशा ओळखीच्या नजरेने बघायचा, की त्याला हाड म्हणायचा मंगळूला धीर होत नसे. एकदा तर त्याने त्या कुत्र्यापुढे पेंढ्याची मूठ टाकली होती. कुत्र्याने ती हुंगली आणि मंगळूचं काय बिघडलं आहे ते न कळून तो निघून गेला.

अलीकडे मात्र खोडाळ्याच्या बाजूच्या कड्यावर गिधाडं परत दिसू लागली होती, आणि पाड्याच्या वरच्या माळावर त्यांच्यासाठी जेवणाची जागाही तयार झाली होती. तीन बाजूंनी कुंपण होतं. चौथी बाजू मंजूर होती, म्हणजे उघडी होती. या जागेचा सगळा कारभार रोहिदासभाऊंकडे. भाऊ जव्हारला कारकुनी करून निवृत्त झालेले आणि आता गिधाड मित्र मंडळाचे अध्यक्ष. हारतुरे, शाल, नारळ, माइक यांच्याशिवाय झालेली गोष्ट झाली असं ते मानतच नसत. जागेचं उद्घाटन कधीपासून अडून बसलं होतं, कारण जनावरच मरत नव्हतं.

त्यामुळे मंगळूने बातमी सांगताच भाऊ आधी "बरं झालं" म्हणाले, मग मंगळूचा चेहरा पाहून "वाईट झालं" म्हणाले आणि लगोलग त्यांनी पालघरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी मंगळवारी सकाळी दहाला यायचं कबूल केलं.

दुपारी वनरक्षक उज्ज्वला मोटारसायकलवरून आली. पोरगी नवी होती, पण कामाला चोख. तिने चांद्याला सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "मंगळूबाबा, याला काही टोचलं होतं का?"

"नाय मॅडम. ओवा-गूळ दिला, भाकर दिली आन् कमूनं शिव्या दिल्या. दुसरा काय नाय."

"शिव्या चालतात," उज्ज्वला म्हणाली.

मंगळवारी उजाडताच चांद्याला ट्रॅक्टरवरून माळावर नेलं. त्याआधी मंगळूने त्याला आंघोळ घातली, शिंगांना गेरू लावला, पोळ्याची आरशांची झूल अंगावर घातली आणि गळ्यात घुंगरांची माळ बांधली. कमू कमरेवर हात ठेवून बघत होती.

"जेवाया गिधाडं येणार, तं बैलाला कशाला नटवतूस?" ती म्हणाली. "लोक ताट सजवतात. तू जेवणच सजवलास."

"पाव्हण्यांकडं चाललाय तो. असा जाईल काय?"

यावर कमूकडे उत्तर होतं, पण तिने ते गिळलं. चांद्याचं दुःख तिलाही होतं.

माळावर पाहतात तो मांडव. लाल-पिवळं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत सोफा, आणि दोन झाडांना दोन कर्णे. कुंपणाच्या उघड्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधलेली. फितीच्या आत चांद्या, आणि बाहेर झाडून सगळा पाडा. साहेब येऊन फीत कापत नाहीत तोवर आत पाऊल टाकायचं नाही, असं भाऊंनी माइकवरून बजावलं. माणसांनी ते ऐकलं. कावळ्यांनी ऐकलं नाही.

दहा वाजले. साहेब निघाले होते. अकरा वाजले. साहेब अजून निघतच होते. तोवर भाऊंनी माइक सोडला नाही. गिधाडं म्हणजे निसर्गाचे सफाई कामगार, हे त्यांनी इतक्या प्रकारे सांगितलं की लोकांना गिधाडांच्या हातात झाडू दिसू लागले. ऊन चढलं तसा चांद्याचा वास उठला. पहिल्या रांगेतल्या पाव्हण्यांनी रुमाल काढले, बायकांनी पदर ओढले, पण जागचं कुणी हललं नाही. चहा झाला होता आणि जेवण व्हायचं होतं. खालच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी सुकरी आज मोठ्या टोपात मटणाचा रस्सा करत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

गिधाडं आली नव्हती असं नाही. समोरच्या कड्यावरून ती उठली, माळावर घिरट्या घातल्या, लाल-पिवळा मांडव पाहिला, भाऊंची चार वाक्यं ऐकली आणि परत कड्यावर जाऊन बसली. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

कुत्र्यांना मात्र मांडवाचंही काही नव्हतं आणि भाषणाचंही. ती लहानपणापासून रोहिदासभाऊंना ऐकत आली होती. लाडक्याचा कुत्रा सगळ्यांत पुढे. तो फितीखालून सरळ आत शिरायचा, मंगळू फितीवरून काठी उगारायचा, कुत्रा दोन पावलं मागे जाऊन त्याच ओळखीच्या नजरेने बघायचा. सकाळपासून हा खेळ चालला होता. मंगळूचा हात भरून आला आणि जीव रडकुंडीला.

उज्ज्वला त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, माणसं हटल्याशिवाय ती उतरायची नाहीत. भाऊंना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, गिधाडांसाठीच एवढं केलंय, त्यांना आवडेलच."

"आन् आज नाय उतरली तं?"

उज्ज्वलाने कुत्र्यांकडे पाहिलं. रात्रभर काठी घेऊन तो उभा राहिला असता, पण कुत्री पाड्यातली सगळी आणि मंगळू एकटा. उद्या सकाळी लाडक्याच्या दारात तो कुत्रा बसलेला असणार आणि त्याच्या डोळ्यांतून चांद्या आपल्याकडे बघणार. हे काही त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात कर्ण्यातून त्याचंच नाव आलं. साहेब येईपर्यंत वेळ काढायला भाऊंनी बैलाच्या मालकाचा सत्कार काढला होता. मंगळूच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि भाऊंनी मोठ्या मनाने माइक त्याच्यापुढे धरला. "दोन शब्द बोला, मंगळू."

मंगळू उभ्या आयुष्यात माइकवर बोलला नव्हता. त्याने चांद्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"जेवण तयार हाये," तो म्हणाला. "खाली शाळंत पंगत बसली. जागा थोड्या हायेत."

भाषण अर्धवट सोडायला माणूस एक वेळ लाजेल, पण "जागा थोड्या" हे ऐकून थांबेल असा माणूस मोखाड्यात अजून जन्माला यायचाय. आधी पोरं धावली, मग बाया, मग पहिल्या रांगेतले पाव्हणे, त्यांच्यामागे मांडववाला आणि कर्णेवाला. खुर्च्या उलट्या पडल्या. "अहो, साहेबांच्या आधी कुणी बसायचं नाही," असं ओरडत भाऊ त्यांना अडवायला उतारावरून धावले आणि अडवता अडवता त्यांच्याही पुढे गेले. बघता बघता माळ मोकळा झाला.

मग मंगळू, कमू आणि उज्ज्वला यांनी मांडवाचं कापड ओढून काढलं. कमूने ते घडी करून ठेवलं, कारण कापड कुणाचंही असो, चुरगळलेलं तिला बघवत नसे. खुर्च्या एका कडेला लोटल्या. कुत्र्यांचंही भलं झालं. शाळेकडून रश्श्याचा वास आल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ताजं ते ताजं म्हणून तीही खाली गेली. लाडक्याचा कुत्रा जाता जाता मंगळूकडे बघायचंही विसरला.

तिघं लांब करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसली. ऊन तापलं होतं. कमूने मंगळूच्या खांद्यावरची शाल काढून तिघांच्या डोक्यावर धरली.

बऱ्याच वेळाने कड्यावरून एक गिधाड सुटलं. पंख न हलवता गोल गोल खाली आलं, पाय पुढे काढून धप्पकन उतरलं आणि अंगणात आलेल्या जाडजूड व्याह्यासारखं डुलत डुलत चांद्याजवळ गेलं. गिधाडाने मान लांब केली, गळ्यापाशी चोच घातली आणि एक झटका दिला.

छुन्न छुन्न छुन्न, घुंगरं वाजली.

गिधाडाने जी उडी मारली ती थेट कड्यावर. वर घिरट्या घालणारी बाकीचीही पांगली. आभाळ पुन्हा साफ झालं. उज्ज्वलाने मंगळूकडे पाहिलं. कमूने तर सकाळपासूनचं राहिलेलं सगळं नजरेनेच बोलून घेतलं.

"मी काय मुद्दाम केला?" मंगळू पुटपुटला.

"जा, सोडून ये," कमू म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ होता.

मंगळू फितीखालून आत गेला. माळेची गाठ त्यानेच घट्ट मारली होती, आता ती सुटेना. रोज संध्याकाळी नांगर सोडल्यावर तो ही माळ काढायचा, तेव्हा चांद्या मान पुढे करायचा. काढायला सोपं जावं म्हणून नाही, मानेखाली खाजवून घ्यायला. आज मान पुढे झाली नाही. मंगळूने तरीही सवयीने मानेखाली बोटं फिरवली आणि सोमवारपासून अडून राहिलेलं रडू एकदम आलं. तो तिथेच उकिडवा बसून पोटभर रडला. वास होता, माशा होत्या, काही सुचत नव्हतं. शेवटी दाताने गाठ सोडली, झूल ओढून काढली, आणि आरशांची झूल खांद्यावर टाकून लख्ख चमकत जाळीकडे परत आला. उज्ज्वलाने ती घाईने उलटी केली.

आता मात्र चांद्या नुसता चांद्या होता. पहिलं गिधाड परत आलं. मागोमाग दुसरं, मग पाच, मग मंगळूने मोजायचं सोडलं. एकमेकांच्या पाठीवर चढून, पंखांनी ढकलून, कर्कश भांडून ती जेवत होती. कुणी कुणाला जागा देईना. मंगळू जाळीतून पुढे झुकून यजमानासारखा बघत होता. "त्या बारक्याला मिळाला नाय काय," तो कुजबुजला. "त्याला घुसू द्या कुणीतरी." एका मोठ्या गिधाडाला उतरताना पल्ला साधला नाही. ते धावत धावत येऊन फितीत अडकलं, फीत ताणली गेली, तटकन तुटली, आणि गळ्यात लाल चिंधी मिरवत ते पंगतीत जाऊन बसलं.

एवढ्यात रोहिदासभाऊ धापा टाकत जाळीपाशी आले. हातात कात्री. साहेब थेट शाळेतच पोचले होते, कारण गर्दी तिथे होती. त्यांनी दोनदा रस्सा घेतला आणि कार्यक्रम छान झाला म्हणून दुसऱ्या कार्यक्रमाला निघूनही गेले. "निदान फीत तरी मी..." भाऊ बोलू लागले.

"उद्घाटन झालं, भाऊ," उज्ज्वला म्हणाली.

"कुणाच्या हस्ते?"

तिने बोट दाखवलं. भाऊंनी लाल चिंधीवाल्या पाहुण्याकडे पाहिलं, मग समोरच्या त्या पंगतीकडे पाहिलं. त्यांनी कात्री खिशात घातली, जमिनीवर बसकण मारली आणि जाळी बाजूला सारून ते बघू लागले. एवढी गिधाडं त्यांनीही लहानपणानंतर पाहिली नव्हती.

उन्हं कलली तशी पंगत उठू लागली. पण उठणार कशी? पोटं अशी तटतटली होती की उडवेना. लाल चिंधीवालं गिधाड धावलं, अडखळलं, थांबलं, पुन्हा धावलं. मंगळू नकळत उभा राहिला. "चल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चल माझ्या राजा, अजून थोडा." माळ संपता संपता त्याचे पाय जमिनीवरून सुटले. मग एकामागून एक सगळीच अशी धडपडत सुटली आणि उन्हात चढत गेली.

"गेला?" कमूने विचारलं.

"गेला," मंगळू म्हणाला.

पण काही गिधाडं जव्हारकडे वळली, काही कड्याकडे, काही पार दिसेनाशी होईतो वरच चढत राहिली. कोणात चांद्या किती, ते आता कसं कळायचं? मंगळू क्षणभर गोंधळला. मग तो मोकळ्या माळावर आला आणि डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करू लागला.