कांडी किती बुडवायची

नणंदेने अल्ट्रासाउंडची कांडी बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये सोडली आणि बटण दाबलं. दोन पावलांवर वहिनी ओठ मिटून, हात मागे बांधून उभी राहिली. तिच्यासारख्या बोलक्या बाईला ही सक्तमजुरीच.

प्रयोगशाळेचा नियमच तसा होता. ज्याचा शोध, त्याने गप्प राहायचं. दुसऱ्याने फक्त त्याची वही वाचून प्रयोग करायचा. सोनं आणि पॅलेडियम, दोन धातूंचे क्षार एकाच पाण्यात, वर आवाजाचा मारा. पिवळं पाणी काळपट तपकिरी झालं की दोन्ही धातूंचे अतिसूक्ष्म कण जमले. वहिनीच्या हातून नऊ वेळा जमले होते. आज नणंदेच्या हातून जमले तरच शोधनिबंध छापायला जाणार. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

वीस मिनिटं झाली. पाणी पिवळंच.

“भाजीत मीठ किती घालू विचारलं की अंदाजाने म्हणतेस,” नणंद पुटपुटली. “इथेही तेच केलंस का गं, वहिनी?”

“बोलायचं नाही,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

वहिनीने अंगठा मुठीत दाबून धरला. कांडीचा आवाज दबका येत होता. कांडी जरा वर हवी होती. ती रोज कानाने ओळखून उचलायची. इतकं सवयीचं, की वहीत लिहायचंच राहिलं होतं.

नणंदेने मान कलती करून ऐकलं, वही मिटली आणि कांडी किंचित वर घेतली. आवाज खणखणीत झाला. बघता बघता पाणी काळवंडलं.

“जमलं! वहिनी, जमलं!” नणंद उडालीच. बाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

“थांबा बाई,” वहिनी म्हणाली. “हे वहीत नाहीये. हिने माझ्यासारखं कानाने केलं.”

“अगं ए शहाणे!” नणंदेने कपाळावर हात मारला. “घरी चल तू.”

बाईंनी पेन मिटलं. “मोजा.”

पट्टी लावली. कांडीचं टोक पाण्याखाली अकरा मिलिमीटर. वहिनीने आकडा वहीत लिहिला. बाईंनी ताजं मिश्रण मागवलं, बाह्या सरसावल्या, दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढून खिशात टाकली आणि वही पुढे ओढली.

पंधराव्या मिनिटाला पिवळेपणा विरला. मग कांडीच्या टोकाखाली तपकिरी ढग उमलला आणि काठापर्यंत गेला.

दोघी एकमेकींना मिठी मारून किंचाळल्या. बाई पट्टीवर डोळे लावून, कांडी अकरावरच धरून बसल्या होत्या.