व्हर्लीनला दिलेला शब्द

माझा नातू रॉन्डेल माझ्याकडे जेवायला येतो आणि खुर्चीला बूड टेकत नाही. एका हातात तळलेल्या माशाचा तुकडा, दुसऱ्यात फोन, आणि अंगणात येरझारा. चर्चमधून येऊन मी शेगडीपुढे उभी राहते ती काय अंगणातल्या कुत्र्यांना मासा चारायला?

कॉलेजातल्या फुटबॉलचा कोच आहे तो. अजून तिशी गाठली नाही. सुरुवात केली ती आमच्या इथल्या चिमुकल्या कॉलेजात, खेळाडूंचे घामट टॉवेल धूत. मग नदीपलीकडे, मग अलाबामात, आता परत मिसिसिपीत, पण बड्या कॉलेजात. दरवेळी नव्या रंगाची टोपी आणून माझ्या डोक्यावर घालतो. काल ज्यांच्यासाठी घसा फोडला, त्यांनाच आज शिव्या द्यायच्या. बायकोची खोकी सोडून होत नाहीत तोवर पुढचं गाव. पायाला भिंगरीच आहे मेल्याच्या. अभिमान नाही असं नाही हं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मी सगळ्यांना ऐकवते. ज्यांची पोरं घरी लोळतात, त्यांना जरा जास्तच.

या हिवाळ्यात तो समोरच्या व्हर्लीनच्या पोराला आपल्या कॉलेजच्या संघात न्यायला आला. टेरियस दाराएवढा थोराड, पण मनानं कोवळा. बाप गेल्यापासून परक्या माणसाशी बोलत नाही. किती कॉलेजांचे कोच व्हर्लीनच्या सोफ्यावर बसून केक खाऊन गेले, तिनं कुणालाच हो म्हटलं नाही.

मी रॉन्डेलला घेऊन गेले. त्याच सोफ्यावर केक खात तो म्हणाला, "मिस व्हर्लीन, शिकून बाहेर पडेपर्यंत याला मी पोटच्या पोरासारखा सांभाळीन."

ती माझ्याकडे वळली. "मिस ओझेला, हा टिकेल का हो तिथं?"

"माझं रक्त आहे," मी म्हटलं. "टिकेल."

पोरानं रॉन्डेलच्या कॉलेजच्या कागदावर सही केली.

आणि परवाच्या रविवारी हा अंगणातून आत आला तो नाचतच. "आजी, टेक्सासवाल्यांनी बोलावलंय! संघाचा सगळा बचाव माझ्या हाती. विमान धाडलंय, शेतांवर फवारणी करणाऱ्या विमानांच्या धावपट्टीवर उतरतंय. निघतो मी."

"आणि टेरियस?"

"त्यानं सही कॉलेजला दिलीय, मला नाही."

"हे त्याच्या आईला सांगितलं होतंस?"

तो फोनकडे बघायला लागला. "धंदाच असा आहे गं. एकदा नाही म्हटलं की परत कुणी विचारत नाही. तूच सांग ना तिला. तुझं ऐकेल ती."

"मी काय तुझी डाकवाली?" मी त्याचं कोपर धरलं आणि रस्ता ओलांडला.

व्हर्लीन ओसरीवर वाटाणे सोलत होती. "या या, कोच! टेरियस, बघ कोण आलंय!"

रॉन्डेलनं सांगितलं, बुटांकडे बघत, भराभर. टेरियस दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मग मी पण येऊ का तिकडे, कोच?"

"तिथं तुझी जागा भरलीय रे."

पोरगा आत गेला. व्हर्लीननं रॉन्डेलकडे पाठ केली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस ओझेला, मी तुमच्याकडे बघून हो म्हटलं होतं."

सत्तरी ओलांडली, पण माझी मान कधी अशी खाली गेली नव्हती. रॉन्डेलच्या खिशात फोन वाजत होता. त्याचा हात तिकडे गेलाच.

"उचल तो," मी म्हटलं, गल्लीला ऐकू जाईल असं. "उचल आणि जा. तू चढशील, रॉन्डेल. टेक्सासच काय, त्याच्याही वर जाशील. मी टीव्हीपुढे बसून टाळ्याही वाजवीन. पण आईनं आपलं पोर हवाली करावं असा माणूस तू नाहीस. यापुढे कुणाच्या घरात बसून माझं नाव घ्यायचं नाही. या पोराला भेटायला आता मी जाईन, बस धरून, तो शिकून बाहेर पडेपर्यंत. शब्द मी दिला होता. तू नुसता केक खाल्लास."