हाल्लाच्या वाडग्यातला चीक

मी एक जुना, बर्चच्या लाकडाचा चमचा आहे. फिनलंडमधल्या एका शेतघरात माझ्या मालकिणीच्या, आउनेच्या, भावाने मला चाकूने कोरले. गाय व्यायली की तिचा चीक मीच ढवळायचो. मग भट्टीत खरवस भाजला जाई आणि पोरे मला चाटूनपुसून लख्ख करीत. मित्रांनो, एवढे लाड फार थोड्या चमच्यांच्या नशिबी येतात. पुढे गाई विकल्या गेल्या आणि मी खणात सुतळीच्या गुंड्यांखाली जाऊन पडलो.

आउनेची कुत्री मिर्री गेली, त्यानंतर मला बाहेर काढले. शेजारीण सहज बोलून गेली होती, "चिकाची भुकटी चारली असतीस तर जगली असती गं." त्या एका वाक्याने आउनेची झोप उडाली. नवा कुत्रा हाल्ला चांगला धष्टपुष्ट होता, तरी रोज मी त्याच्या वाडग्यात भुकटी घालू लागलो. एखादा दिवस चुकला तर तिचा जीव खालीवर होई.

तिची भाची सातु जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली, "मावशी, चीक नव्या वासराला हवाच. या घोड्याएवढ्या हाल्लाला कशाला?"

"आपण नाही खात आलो?"

"आपण चवीनं खातो. औषध म्हणून नाही."

मग सातुने दोन सारख्या बरण्या भरल्या. एकीत चिकाची भुकटी, दुसरीत साध्या दुधाची. आधी एक संपवायची, मग दुसरी, आणि खरी कोणती ते आउनेने ओळखायचे. मला वासावरून कळत होते, पण चमच्याला कोण विचारतो?

दुसरी बरणी सरत आली तेव्हा आउने खुशीत होती. "हीच खरी. केस बघ कसे तुकतुकीत झालेत."

"ती साधी दुधाची आहे, मावशी," सातु हळूच म्हणाली. "एका कुत्र्यावरून काही ठरत नाही, म्हणून मी झालेले अभ्यासही वाचले. थोडेच आहेत, त्यांतली कुत्रीही थोडी. रक्तात काही बदल दिसले म्हणतात. पण धडधाकट मोठं कुत्रं यानं कमी आजारी पडतं, असं कुणी दाखवलेलं मला सापडलं नाही."

आउने बराच वेळ मला हातात फिरवत राहिली. "मग मिर्री...?"

"तिच्या पोटात गाठ होती. कुठल्याच भुकटीनं ती हलली नसती. तू काही कमी केलं नाहीस."

तेव्हा आउने रडली, मिर्री गेल्यापासून पहिल्यांदाच. हाल्ला तिच्या मांडीवर डोके ठेवून बसला. माझे काम पुन्हा सुटले, पण मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाला जीव लावा आणि त्याला काय चारता ते जाणत्याला विचारून चारा. तो गेला, तर स्वतःला बोल लावण्याआधीही एकदा विचारा. आमची आउने इतके दिवस विचारायलाच घाबरत होती.