गोणपाटचं जेवण

कुत्र्याचं नाव गोणपाट, आणि ते सासूबाईंनीच ठेवलेलं. रंगावरून आणि दिवसभर पसरून पडण्याच्या सवयीवरून. हाक मारली की एक कान हलायचा, बाकीचा देह जागच्या जागी. पण मध्यंतरी तो पाण्यावर असा तुटून पडायला लागला की वाडगा कितीही भरला तरी पुरेना. जन्मात कधी घर घाण न केलेला प्राणी शिलाई मशीनखाली मुताचं थारोळं करू लागला. खात होता अधाशासारखा, तरी बरगड्या वर आल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मधुमेह निघाला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, तेही पोटभर जेवण झाल्यावरच.

"रिकाम्या पोटी चुकूनही नको," त्या म्हणाल्या. "साखर वाढली तर आपल्या हातात वेळ असतो. एकदम उतरली तर नसतो."

सुनेच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं.

तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी, महिनोन्महिने बाहेर. ती घरी शिवणकाम करायची. गोणपाटने विकतचं पथ्याचं खाणं हुंगलं आणि भिंतीकडे तोंड केलं, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून ती घरीच रांधू लागली. कोंबडीची कातडी आणि चरबी सोलून काढायची, मांस उकडायचं, त्यात फरसबी, थोडा लाल भोपळा, शिजवलेला जव. मीठ नाही, तेल नाही. सगळं काट्यावर तोलून. गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडावर बेधडक कात्री चालवणारा तिचा हात ती बारीक सुई टोचण्याआधी दोनदा मागे यायचा. गोणपाट जेवला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि त्याने एखादा घास बाजूला सारला की ती तो हाताने पुन्हा त्याच्या तोंडाशी धरायची. शिवताशिवता मशीन थांबवून ती त्याची छाती वरखाली होतेय का ते बघायची.

"माझ्या बाळंतपणातही कुणी मला इतकं तोलूनमापून वाढलं नव्हतं," सासूबाई म्हणायच्या. एकदा त्यांनी त्याला अर्धं बिस्कीट दिलं. सुनेने ते त्याच्या जबड्यातून ओढून काढलं.

"मारायचंय का त्याला, आई?"

त्या दिवसापासून त्याच्या जेवणाच्या वेळी सासूबाई स्वयंपाकघरात फिरकत नव्हत्या.

त्या सकाळी तो नेहमीसारखाच जेवला. वाडगा चाटून लख्ख केला. सुनेने मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, त्याला थोपटलं आणि मशीनवर बसली. एका हॉटेलचे एप्रन द्यायचे होते. मशीन एकदा धडधडायला लागलं की मागच्या बाल्कनीतलं काही ऐकू येत नसे.

बऱ्याच वेळाने गोणपाट खोलीत आला आणि कपाटावर आदळला. मागे सरकला, पुन्हा त्याच कपाटावर आदळला.

"अरे, दिसत नाही का?" ती हसत म्हणाली, आणि तिचं हसू जागीच विरलं. त्याचे पाय चारी दिशांना फाकत होते. डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. मग तो कुशीवर पडला, मान मागे ताठ झाली आणि पाय हवेत वल्ह्यासारखे मारू लागला. तोंडाला फेस आला.

"आई! आई, लवकर या!"

फोन लावताना तिची बोटं दोनदा चुकली. डॉक्टरीणबाई लाइनवर आल्या, आणि काय होतंय ते तिने एका दमात सांगितलं.

"इंजेक्शन दिलंत?"

"दिलं. रोजच्याइतकंच. जेवला पण."

"सगळं?"

"सगळं. माझ्यासमोर. तोलून दिलं होतं."

"मग साखर इतकी उतरायला नको. दुसरं काही विषारी खाल्लंय का? नीट आठवा. जेवण पोटात आहे ना त्याच्या?"

"आहे, म्हणजे…"

"पोटात नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"पोटात काही नाही गं. सगळं ओकला तो. बाल्कनीत. मी पुसून टाकलं. सकाळी त्याच्या जेवणाआधी तू आंघोळीला गेलीस, तेव्हा मी त्याला ती सोललेली कातडी परतून दिली होती. दोनच तुकडे. बिचारा अळणी खातो रोज… तू ओरडशील म्हणून…"

फोनमधून आवाज आला. "ऐकलं मी. साखर पाण्यात घट्ट कालवा. बोटाने हिरड्यांना चोळा. पाजायचं नाही, श्वासात जाईल. दातांच्या मध्ये बोट घालू नका. आणि तसेच इकडे या, ताबडतोब."

सून जमिनीवर त्याचं डोकं धरून बसली. सासूबाईंकडे वळून बघायला तिला उसंत नव्हती. सासूबाईंनी साखरेचा डबा आणला, अर्धा फरशीवर सांडला, आणि वाटीत कालवलेला चिकट गोळा तिच्या बोटांवर ठेवला. ओठ वर करून ती चोळत राहिली. हिरड्या थंड लागल्या. "गोण्या, ए गोण्या, ऊठ ना रे." ती एवढंच म्हणत होती.

पायांचं मारणं मंदावलं. ते बरं की वाईट, तिला कळेना. बरं वाटतंय म्हणून थांबला, की संपतंय म्हणून थांबला?

खालच्या मजल्यावरच्या कुलूपवाल्याने हाक ऐकून गाडी काढली. चादरीची झोळी करून त्यांनी गोणपाटला जिन्यावरून उतरवलं. मागच्या सीटवर त्याचं डोकं सुनेच्या मांडीवर, पाय सासूबाईंच्या. प्रत्येक सिग्नलला सून त्याच्या नाकाशी तळहात धरायची. एका सिग्नलला काहीच लागलं नाही. तिने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोमट, ओलसर फुंकर बोटांना लागली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

बाकावर दोघी शेजारी बसल्या. सुनेच्या हाताला साखर चिकटून वाळली होती. सासूबाईंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"माझी एवढी भीती वाटते तुम्हाला?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी आपल्या चपलांकडे बघितलं. "तुझी नाही गं. तुझ्या त्या काट्याची वाटते. घरात तू, तो आणि काटा. मी कुठे बसू, तेच कळत नाही."

सुनेला रडू फुटलं. "मलाही भीतीच वाटते, आई. दिवसभर. त्या सुईची, वाडग्याची. माझ्या हातून काही होईल अशी."

"मग सांगायचं ना तसं. मला वाटलं, तुला राग येतो."

दार उघडलं. शुद्धीवर आलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाइनमधून ग्लुकोज चालू आहे. पण तेलकट कातडीने स्वादुपिंडाला सूज आली असेल तर पुढचे काही दिवस जड जातील. आज इथेच ठेवू. आणि घरी गेल्यावर ओकला, शिंकला, काहीही केलं, तरी आधी मला फोन. पुसायचं नंतर. हे त्या दोघींकडे बघून बोलल्या, पण सासूबाईंनी मान खाली घातली.

गोणपाट घरी आला तो थकून, हडकुळा होऊन. पहिल्या दिवशी सुनेने मांस उकडायला ठेवलं, आणि भोपळा व सुरी सासूबाईंच्या पुढ्यात सरकवली.

"मी? नको बाई."

"चिरा. बारीक. मी तोलते, तुम्ही बघा. आणि माझं चुकलं तर तुम्ही ओरडा."

सासूबाईंनी भोपळा असा चिरला, जणू त्यात काही जिवंत होतं.

वाडगा खाली ठेवला. गोणपाटने हुंगलं. भिंतीकडे बघितलं. मग त्याने एक घास घेतला, थांबला, दुसरा घेतला. शेवटी वाडगा रिकामा झाला. सुईला हात न लावता दोघी त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या, जेवण पोटात राहतंय का ते बघत. मगच सुनेने इंजेक्शन दिलं. आज कातडी सासूबाईंनी चिमटीत धरली होती.

तो पसरला, डोळे मिटले.

"श्वास घेतोय ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"घोरतोय, आई."

"हो, पण नीट बघ," त्या म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा त्याच्या छातीकडे बघत बसल्या.