उरलेल्या तिसांत

तिने हेडफोन कानांवर दाबला आणि आवाज आणखी वाढवला. पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉन अडकून फिरतात त्या प्रारणपट्ट्यातल्या लहरी यंत्राने ऐकू येतील अशा स्वरात उतरवल्या होत्या. झाडावर एकदम पाखरांचा गलका उठावा तशा. सकाळपासून गलका वाढतच होता.

"आकडा बघा," साहेब मागून म्हणाले. "इलेक्ट्रॉन नावालाही उरले नाहीत. वादळ सरलं. उठवा आता उपग्रहाला."

सूर्यावरून वादळ निघाल्यापासून उपग्रह बंद ठेवला होता. समुद्रातल्या बोटींची मदतीची हाक किनाऱ्यापर्यंत पोचवायला तेवढा एकच होता, तोही म्हातारा.

"सर, झोपलेलं मूल आणि पडलेला आकडा, दोन्हींवर माझा भरवसा नाही."

साहेब हसले. ती हसली नाही. दहा महिन्यांची लेक सासूबाईंकडे होती. 'श्वास नीट चालू आहे ना?' या तिच्या तिसऱ्या निरोपाला 'आहे गं बाई, तू तुझं काम कर' असं उत्तर आलं होतं.

"आकडा आधी कोसळतोच," ती म्हणाली. "माणूस तिथेच फसतो. मग या लहरी उरल्यासुरल्या इलेक्ट्रॉनना धक्के देतात. झोका नेमका हाताशी आला की धक्का, परत आला की परत धक्का. उद्यापर्यंत ते एवढे वेगात असतील की पत्र्यातून आरपार जाऊन तारांच्या आवरणात साठतील. उपग्रह चालू असताना तिथे ठिणगी पडली, तर गेला. नवा यायला तीन वर्षं."

"आणि तोवर बोटी?"

"तेच म्हणतेय, सर. तीन वर्षं मुक्या. त्यापेक्षा आणखी दोन दिवस मुक्या."

उपग्रहाला आज्ञा पाठवणारे काका इतका वेळ पडद्याकडेच बघत होते. आता त्यांनी खुर्ची वळवली. त्यांचा मुलगा बोटीवर होता, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोणी ते बोललं नव्हतं.

"ताई, खात्री किती?"

"शंभरात सत्तर."

"मग उरलेल्या तिसांत कोण?"

तिने हेडफोन काढला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे.

"पट्ट्याचं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणाल तसं."

"बंदच ठेवा," ती म्हणाली.

काका पुन्हा पडद्याकडे वळले. बटणावरचा हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडा हजारपट चढला. शेजारच्या कक्षेतला, दुसऱ्या कोणाचा तरी चालू ठेवलेला उपग्रह गप्प झाल्याची बातमी आली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. "आई झाल्यापासून हिचे कान तिखट झालेत," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा उतरला, लहरीही विरल्या. या वेळी तिनेच सांगितलं, "लावा, काका."

उपग्रह जागा झाला. बोटींवरच्या यंत्रांचे इशारे येऊ लागले, तशी एकेक बोट पडद्यावर हिरव्या ठिपक्याने उमटू लागली. काका हाताच्या बोटांवर मोजत होते. पंधरा. सोळा. बऱ्याच वेळाने सतरा.

बोटी अठरा होत्या.

ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. अर्धा तास गेला. काकांनी एकदा चष्मा पुसला, यादीशी क्रमांक ताडून पाहिले, मुलाच्या बोटीच्या क्रमांकावर तर्जनी टेकवून ठेवली.

"यंत्र बिघडलं असेल त्यांचं," ती म्हणाली. "कधी कधी बॅटरी..."

"हो. असेल."

मग त्यांनी खणातून अहवालाचा कागद काढला. उपग्रह बंद ठेवला की तो भरावाच लागे, चालकाने आणि अंदाज देणाऱ्याने मिळून. बंद केल्याची वेळ. चालू केल्याची वेळ. कारण. शेवटचा रकाना नुकसानीचा होता. काकांनी त्यात सावकाश, वळणदार अक्षरात 'काही नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिचा हात पेनापर्यंत जाऊन थांबला.

"करा ना सही, ताई," काका म्हणाले. "मला बंदरावर जायचंय."